भाषांतर नंतर, आधी पानं लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत नाशिकच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं खरं, पण त्याची मदतीची पानं इंग्रजीत आहेत, ती मराठीत मिळायला हवीत. मागणी रास्तच आहे. मात्र गेले पाच महिने मी नेमकं हेच काम करते आहे, म्हणून सांगते. ती पानं उद्या सगळी मराठीत आली तरी यांना हवं असलेलं पान सापडेलच असं नाही. मी स्वतः मराठीत आणलेलं पान मला सापडलं नव्हतं, तिथे त्यांची काय कथा!

आधी माझी ओळख. मी बडोद्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ३१ वर्षं वर्गीकरण आणि तालिकीकरण केलं. म्हणजे पुस्तक आलं की ते कुठे बसायचं आणि कोणकोणत्या नावांनी सापडायचं, हे ठरवायचं. बाहेरच्यांना हे काम शिक्के मारण्याचं वाटतं. वाटू दे. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या भावाच्या मुलाची इथे एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, औषधांच्या दुकानांसाठी बिल, साठा आणि जीएसटीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम ते करतात. महाराष्ट्रातले गिऱ्हाईक वाढले तसा तो म्हणाला, "आत्या, तुझं मराठी चांगलं आहे, आमच्या डॉक्सचं भाषांतर करून दे. पानामागे पैसे देतो." एकूण १६४ पानं होती. मी होकार दिला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी आमच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या मेडिकलवाल्यांनी विचारलं, "बेन, एक्स्पायरीचा माल डिस्ट्रिब्युटरला परत करायचाय, ते कुठे लिहिलंय?" मी म्हटलं थांबा, हे पान मी कालच केलंय. मोबाइल उघडला आणि वीस मिनिटं शोधत राहिले. 'इन्व्हेंटरी' पाहिलं, 'परचेस' पाहिलं, 'रिपोर्ट्स' पाहिलं. शेवटी ते निघालं 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये 'व्हाउचर्स', त्यात 'डेबिट नोट' अशा तिसऱ्या पायरीवर. हिशेबाच्या भाषेत ते बरोबर आहे, खरेदी परत केली की डेबिट नोटच निघते. पण गल्ल्यावर बसलेला माणूस हातात मुदत संपलेल्या खोक्यांची चळत घेऊन उभा असतो, तो मनात 'डेबिट नोट' म्हणत नाही. तो म्हणतो 'माल पाछो', म्हणजे माल परत.

पुढे मजा अशी, की मुदत संपत आलेल्या मालाची यादी होती 'रिपोर्ट्स'मध्ये आणि मुदतीच्या किती दिवस आधी सूचना द्यायची ते होतं 'मास्टर्स'मध्ये. एकाच दुखण्याची तीन औषधं तीन कपाटांत. भाच्याला विचारलं असं का, तर म्हणाला, ते तीन भाग तीन वेगवेगळ्या मुलांनी लिहिलेत आणि ज्याने त्याने आपल्या फोल्डरमध्ये पानं टाकली. पानांची यादी दाखवणारी डावीकडची पट्टी त्या फोल्डरांवरून आपोआप तयार होते.

हे ऐकल्यावर मला आमची दाखलनोंद वही आठवली. ग्रंथालयात पुस्तक आलं की त्या वहीत क्रमाने नोंद होते, कधी आलं, कोणाकडून आलं, किंमत काय. ऑडिटला ती वही लागते. पण कोणी त्या क्रमाने पुस्तकं मांडली तर वाचकाने काय करावं? पुस्तक कधी आलं याच्याशी त्याला काय देणंघेणं! भाच्याच्या कंपनीची डावी पट्टी म्हणजे शुद्ध दाखलनोंद वही होती. कोणत्या टेबलावर काय तयार झालं याची नोंद. आणि हे एकट्याचं नाही बरं का. त्यानंतर मी हौसेने बऱ्याच सॉफ्टवेअरची मदत-पानं उघडून पाहिली, निम्म्यांच्या मेनूवरून त्या कंपनीत कोणती खाती आहेत ते सांगता येईल.

मी भाषांतर थांबवलं. भाचा जरा धास्तावला, पण आत्यापुढे काय बोलणार.

माझ्या कपाटात जुन्या तालिकापत्रांचे दोन गठ्ठे पडून होते. ५ इंच बाय ३ इंच, खाली सळई घालायला भोक, मागची बाजू कोरी. संगणक आल्यावर ही पत्रं रद्दीत जायची होती, मी पिशवी भरून घरी आणली होती. प्रत्येक पानासाठी एक पत्र घेतलं. पानाचं नाव नाही लिहिलं, ते पान कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं तो प्रश्न लिहिला. ज्या पानाला प्रश्नच सापडेना ते बाजूला ठेवलं. अशी १९ निघाली, त्यातलं एक कंपनीच्या ध्येयधोरणाचं. मग रविवारी दुपारी सहा दुकानदारांना घरी बोलावलं, सेव-उसळ केली आणि बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सगळी पत्रं पसरून सांगितलं, तुम्हाला जी एकत्र वाटतात ती एकत्र ठेवा आणि ढिगाला तुमच्या मनाने नाव द्या. भाच्याकडची एक हुशार मुलगी वही घेऊन बसली होती. ती म्हणाली, मासी, आमच्यात याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. म्हटलं, म्हणत असतील.

सहांपैकी एकानेही 'मास्टर्स' नावाचा ढीग केला नाही. 'ट्रान्झॅक्शन्स' नाही, 'मॉड्यूल' नाही. ढिगांची नावं होती 'माल आला', 'माल परत', 'उधारी', 'सकाळी दुकान उघडताना' आणि मला फार आवडलेलं एक, 'सीए मागतो ते'. जीएसटीचं विवरणपत्र दरमहा भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ आणि ३बी हे नमुने दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेपर्यंत भरायचे असतात, आणि भाच्याच्या ऑफिसातले फोन त्याच तारखांच्या आसपास खणखणतात. ते सगळे प्रश्न या एका ढिगात येऊन बसले. आधी ते चार ठिकाणी विखुरलेले होते.

अर्थात दुकानदार म्हणतील तसंच लावायचं, असंही नाही. एकाने ४० पत्रं 'इतर' म्हणून ठेवून दिली आणि चहा मागितला. 'इतर' हा आमच्या धंद्याचा जुना वैरी. ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ज्ञानाचे दहा वर्ग केले, त्यात पहिला, शून्याचा वर्ग सर्वसाधारण विषयांचा ठेवला. पुढे संगणक आला, त्याला कुठे जागा द्यायची? मग तिथेच ००४ ते ००६ मध्ये त्याला बसवलं, विश्वकोशांच्याच वर्गात. म्हणून मी भाच्याला एकच गोष्ट दरडावून सांगितली, मेनूत 'इतर', 'अधिक', 'विविध' हे शब्द चालणार नाहीत. ज्याला जागा नाही त्याचा प्रश्न पुन्हा वाचायचा.

इथे बडोद्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं, जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीजवळच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना त्याच सुमाराची. या बॉर्डनसाहेबांनी अमेरिकेतली एकच वर्गीकरणपद्धत उचलून आणली नाही. ड्युई आणि कटर या तिथल्या दोघांच्या पद्धतींतून घ्यायचं ते घेऊन बडोद्यासाठी वेगळी पद्धत बसवली. आम्हाला शिकत असताना ते ग्रंथालय दाखवायला नेलं होतं. लोखंडी मांडण्यांमधली जमीन जाड काचेची, वरच्या मजल्याचा उजेड खालच्या मांडणीपर्यंत उतरतो. वर कोणी चाललं की पावलं दिसायची, आम्ही मुली साडी सावरून चालायचो. आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या, फिरतं ग्रंथालय. पेटीत मोजकीच पुस्तकं मावतात, म्हणजे निवडताना त्या गावाचा विचार करावाच लागायचा. भाच्याच्या डॉक्सवर जागेची तंगी नव्हती, तेच बिघडलं.

हुशार मुलीने पुढे एक चांगली गोष्ट आणली. डानिएले प्रोचिदा नावाच्या माणसाने 'डायटॅक्सिस' म्हणून एक पद्धत सांगितली आहे. सॉफ्टवेअरचं लिखाण चार जातींचं असतं. नवख्याला हात धरून शिकवणारे धडे, एखादं काम कसं करायचं त्याची कृती, कोशासारखा चाळायचा संदर्भ, आणि हे असं का आहे ते समजावणारं विवेचन. एका पानात दोन जाती मिसळल्या की पान बिघडतं. मला हे लगेच पटलं. आम्हीही संदर्भग्रंथ घरी न्यायला देत नाही, ते वेगळ्या दालनात. 'माल परत'च्या पानावर कृतीच्या मधोमध जीएसटीचा इतिहास कोंबला होता, तो उचलून वेगळा केला तर कृती सात ओळींची उरली.

पण मुलीने मग या चार जातींचीच नावं मेनूच्या माथ्यावर लावली, 'धडे', 'कृती', 'संदर्भ', 'विवेचन'. म्हणाली, मांडवीतून चार दरवाज्यांकडे रस्ते जातात ना मासी, तसं. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडी. उपमा झकास होती, दुकानदार मात्र मांडवीतच उभा राहिला. त्याला उधारीचं काहीतरी हवं होतं. ते धड्यात असेल की कृतीत, हे त्याने कसं ओळखायचं? जाती लिहिणाऱ्याने पाळायच्या असतात, वाचणाऱ्याला त्यांची परीक्षा द्यायला लावायची नसते. शेवटी असं ठरलं की माथ्यावर कामांची नावं, 'माल आला', 'विक्री', 'माल परत', 'उधारी', 'महिनाअखेर' वगैरे, आणि प्रत्येकाच्या पोटात आधी कृती, मग विवेचन. नव्या माणसासाठी 'पहिला दिवस' हे वेगळं सदर सगळ्यांच्या वर. संदर्भ तेवढा वेगळा, तळाशी. चूक झाल्यावर येणारे संदेश, कळफलकावरच्या कळा, छापायच्या नमुन्यांची मापं. हे लोक नावाने शोधतात, तिथे अकारविल्हे यादीच बरी.

भाच्याचा हट्ट होता की मेनूत सातच नावं हवीत, माणसाच्या डोक्यात सातच गोष्टी राहतात असं कुठेसं वाचलं होतं. तो मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा निबंध आहे, आणि तो मनात काय धरून ठेवता येतं याबद्दल आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, पाठ करायचा नसतो. आमच्या मेनूत नऊ झाली, कोणाचं काही अडलं नाही. तीन क्लिकमध्ये सगळं सापडलंच पाहिजे, हाही असाच एक नियम. मी मेनूतली नुसती नावं कागदावर उतरवून, पानं न दाखवता, दुकानदारांना दहा प्रश्न दिले आणि कुठे बोट ठेवाल ते विचारलं. एक जण पाच पायऱ्या आनंदाने उतरला, कारण प्रत्येक पायरीवर त्याला वाटत होतं की जवळ आलो. दुसऱ्याने 'कॉन्फिगरेशन' हा शब्द पाहिला आणि दुसऱ्याच पायरीवर कागद परत दिला.

आता कोणी म्हणेल, शोधायची खिडकी आहे की, मेनू कशाला? माझा भाऊही हेच म्हणाला. खिडकीत टाकायला शब्द माहीत असावा लागतो. लोक खिडकीत जे शब्द टाकतात त्यांची नोंद कंपनीने एक दिवस मला दाखवली. 'एक्स्पायरी' सात स्पेलिंगांनी, 'रिटर्न', 'पाछो', 'वापस', 'खराब माल', आणि 'डेबिट नोट' एकदाही नाही. ग्रंथालयात यासाठी 'पाहा'ची पत्रं असतात. वाचक ज्या नावाने शोधेल त्या नावाचं पत्र घालायचं आणि लिहायचं, अमुक पाहा. तशी २०० च्या वर नावं आम्ही त्या खिडकीमागे जोडली. आम्ही शिकलो तेव्हा 'क्विक' नावाच्या सूचीवर प्रश्न हमखास यायचा. आयबीएमच्या लूनसाहेबांची ती युक्ती, शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द पाळीपाळीने पुढे आणून यादी करायची. गंमत म्हणजे युनिक्स या संगणकप्रणालीच्या जुन्या छापील मॅन्युअलमध्ये अशीच उलटसुलट सूची जोडलेली असे. त्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती १९७१ ची, आज्ञा पहिल्या विभागात, बाकीचं पुढच्या क्रमांकांच्या विभागांत. मुलीने हे दाखवलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

शिवाय खिडकीतून माणूस थेट मधल्याच पानावर येऊन पडतो. विमानातून इथल्या गोत्री भागात टाकावं तसा. आपण कुठे आहोत, शेजारी काय आहे, हे त्याला दिसलं पाहिजे. म्हणून पानाच्या माथ्यावर 'मुख्य पान › माल परत › एक्स्पायरीचा माल' अशी वाट लिहिलेली, डावीकडे तेवढीच फांदी उघडी, बाकीच्या मिटलेल्या. आणि पानाच्या शेवटी दोनच शेजारी, 'हेही पाहा'. आधी तिथे १४ लिंका होत्या. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन शिकवायचे की मांडणीत हव्या असलेल्या पुस्तकाच्या दोन्ही अंगांना जवळचे विषय यावेत आणि दूरचे दूर जावेत. १४ शेजारी म्हणजे शेजारच नाही, ती वरात.

आमची एक चूकही सांगते, कारण ती माझीच. नवी मांडणी शनिवारी रात्री चालू केली आणि सोमवारी सकाळपासून फोन, 'पान सापडत नाही'. कंपनीच्या मुलांनी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर जे पत्ते पाठवले होते ते सगळे मेले. पुस्तकाची जागा बदलली की जुन्या जागी पाटी ठेवायची, हे मी ३१ वर्षं केलं आणि इथे विसरले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ मध्येच लिहून गेलेत की चांगले पत्ते बदलत नसतात. आता प्रत्येक जुन्या पत्त्यावर ३०१ ची पाटी आहे, ती आपोआप नव्या पानावर नेते. दोन दिवस मुलांनी जी बोलणी खाल्ली, त्याबद्दल त्यांना मी श्रीखंड खाऊ घातलं.

मोबाइलवर तर डावी पट्टी दिसतच नाही, तीन आडव्या रेघा दिसतात. त्या दाबायच्या असतात हे सहांतल्या चौघांना ठाऊक नव्हतं. रेघांशेजारी 'विषय' हा शब्द लिहिला. एवढंच.

राहता राहिली मराठी. इथे आपल्या भाषेचा एक फायदा आणि एक खोड आहे. इंग्रजीत बहुतेक पानांची नावं 'हाउ टू'ने सुरू होतात, यादी वर-खाली सारखीच दिसते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे 'माल परत करणे', 'उधारी वसूल करणे' असं कामाचं नाव आधी येतं, नजर चटकन थांबते. पण पट्टी अरुंद असते आणि लांब नाव शेवटाकडून कापलं जातं. 'विक्रीचे छापलेले बिल रद्द करणे' आणि 'विक्रीचे छापलेले बिल दुरुस्त करणे' ही दोन्ही पट्टीत 'विक्रीचे छापलेले बिल…' अशीच दिसली. रद्द करणे आणि दुरुस्त करणे यात केवढा फरक! म्हणून 'बिल रद्द', 'बिल दुरुस्ती'. नावाला दागिने नकोत. आणि पडद्यावरच्या बटणावर 'डेबिट नोट' असेल तर पानातही 'डेबिट नोट'च ठेवलं. शुद्ध मराठीचा अभिमान मलाही आहे, पण बटण एक म्हणतं आणि पान दुसरं, हा छळ आहे. बटण बदला, मग मी पान बदलते.

नाशिकच्या त्या वाचकांना माझी विनंती, कंपनीकडे मराठी मागाच, पण त्याआधी तुमचे नेहमीचे दहा प्रश्न तुमच्याच शब्दांत लिहून त्यांच्याकडे पाठवा आणि विचारा, हे तुमच्या मेनूत कुठे आहे. पत्र लांबलं, हवी तिथे कात्री लावावी.

आमच्या १६४ पानांतली काही एकमेकांत मिसळली, काही गळाली, आता ११८ उरली आहेत. भाषांतर या सोमवारपासून पुन्हा सुरू केलंय. दर पानामागेच ठरलेला असल्याने भाचा हसत होता, "आत्या, ४६ पानांचे पैसे तू स्वतःच्या हाताने घालवलेस." एक्स्पायरीचं पान मी सगळ्यात आधी केलं आणि त्या मेडिकलवाल्यांना पत्ता न पाठवता म्हटलं, शोधून दाखवा. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता त्यांनी ते उघडलं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
दांडिया बाजार, बडोदे